बाईंना नको असलेला रस्ता

नगराध्यक्ष दुकानात शिरले तेव्हा ती एका भिंगाची कड घासत होती. चष्म्याचं दुकान तिचं स्वतःचं होतं, कुणाच्या मेहेरबानीवर चालणारं नव्हतं, त्यामुळे उठून उभं राहायची तिला गरज वाटली नाही. नगराध्यक्षांनी आपणच स्टूल ओढलं आणि आनंदाची बातमी सांगितली. तिच्या आईचं, सगळं गाव जिला 'मोठ्या बाई' म्हणायचं तिचं, नाव एका रस्त्याला द्यायचं ठरलं होतं. रविवारी कार्यक्रम. पडदा लेकीनेच उघडायचा.

"कुठल्या रस्त्याला?" तिने विचारलं.

"शाळेजवळच्या. बाईंना दुसरा कुठला शोभणार?"

हातातलं भिंग कडेला तडकलं.

तो रस्ता शाळेजवळून नव्हे, शाळेतूनच गेला होता. मोठ्या बाईंनी त्या शाळेत उभी हयात घालवली, अर्ध्या गावाला हात धरून लिहायला शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोकांनी गळ घातली म्हणून नगरपालिकेत निवडून गेल्या. वाचनालय उभं केलं, गटारं बांधून घेतली, आणि एका गोष्टीसाठी शेवटपर्यंत भांडल्या. मैदान कापून ट्रकांना वाट करून देऊ नका, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. हेच नगराध्यक्ष, त्यांच्याच हाताखाली शिकलेले, तेव्हा भर सभेत म्हणाले होते की बाई अजून वर्गातच आहेत, शाळा सुटली हे त्यांना कुणीतरी सांगा. सभागृह खो खो हसलं आणि रस्ता मंजूर झाला. वर्ग एका बाजूला राहिले, उरलंसुरलं मैदान आणि पाण्याचे नळ दुसऱ्या. पहिल्याच वर्षी एका मुलीच्या पायावरून चाक गेलं. तेव्हापासून दुखऱ्या गुडघ्यांनी बाई रोज मधल्या सुट्टीत रस्त्यात काठी आडवी धरून उभ्या राहायच्या. गतिरोधक मागून मागून त्यांची जीभ झिजली. शेवटी त्या गेल्या, गतिरोधक काही झाला नाही.

"त्या रस्त्याला आईचं नाव नको," ती म्हणाली. "तिला तो रस्ताच नको होता. तुम्हाला चांगलं माहीत आहे."

नगराध्यक्ष हसले. हसू तेच, सभेतलं. "ताई, ठराव झालाय. मी विचारायला नाही आलो, बोलवायला आलोय."

संध्याकाळी धाकटा भाऊ आला. तो नगरपालिकेच्याच पाणीपुरवठ्यात होता आणि त्याची बढती नगराध्यक्षांच्या सहीवाचून अडकली होती. त्याने आधी गोडीगुलाबीने घेतलं, मग आवाज चढवला. गेलेलं मैदान काही परत येत नाही, आईचं नाव तरी राहील, असं त्याचं म्हणणं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाव राहील आणि आई पुसली जाईल. पन्नास वर्षांनी लोक म्हणतील, हा रस्ता बाईंनी केला."

"तुला सगळ्यांशी भांडायचंच असतं. आईवरच गेलीयस."

"तू कुणावर गेलास रे?"

तो तसाच निघून गेला. कार्यक्रमाला पाऊल टाकायचं नाही असं तिने ठरवून टाकलं होतं. पण शनिवारी भावजयीने हळूच फोन केला. नणंदेशी फोनाफोनी करणाऱ्यांतली ती नव्हे, म्हणून हिने कान टवकारले. नगराध्यक्षांचं भाषण भावाच्याच टेबलावर टाइप झालं होतं आणि त्यात लिहिलं होतं, 'बाईंनी पाहिलेलं स्वप्न म्हणजे हा रस्ता'. रात्रभर तिचे दात एकमेकांवर घासत राहिले.

रविवारी ती गेली. मंचावर पहिल्या रांगेत बसली, स्वप्नाचं वाक्य कानांनी ऐकलं, लोकांच्या टाळ्याही ऐकल्या. मग तिच्या हातात पडद्याची दोरी देण्यात आली. तिने दोरी तशीच सोडून दिली आणि ती माइकसमोर उभी राहिली.

"माझ्या आईने हे स्वप्न पाहिलं नव्हतं. तिने या रस्त्याला विरोध केला आणि हे सगळे तिला हसले. नाव द्यायचंच असेल तर आधी गतिरोधक घाला."

माइक बंद झाला. बाईंचाच घसा होता तिचा, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. ती बोलतच राहिली. पाय गेलेल्या मुलीबद्दल बोलली, आडव्या काठीबद्दल बोलली, सभेत कोण काय म्हणालं तेही तिने सांगून टाकलं. खुर्च्यांमधली माणसं आपापल्या चपला बघू लागली. नगराध्यक्षांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. मंचामागे उभ्या असलेल्या तिच्या भावाकडे वळून त्यांनी नुसती मान हलवली.

भाऊ पुढे आला. बहिणीकडे न बघता त्याने दोरी ओढली. पडदा सरकला, पाटी दिसली, कुणीतरी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या. ती मंचावरून उतरली आणि सरळ घरी चालू लागली. राग इतका, की रस्ताभर तिला कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती.

पाटी राहिली. पण पाय गेलेल्या मुलीची आई त्याच आठवड्यात दुकानात आली, तिच्या मागोमाग आणखी बायका आल्या, आणि त्या सगळ्यांनी मिळून नगरपालिकेच्या दारातच ठाण मांडलं. निवडणूक तोंडावर होती, म्हणून गतिरोधक झाले. त्यांचंही उद्घाटन नगराध्यक्षांनीच केलं. तिने त्या दिवशी दुकान उघडं ठेवलं आणि ती दिवसभर गिऱ्हाइकांवर खेकसत राहिली.

भाऊ मात्र बरेच महिने फिरकला नाही. बढती मिळाली तेही तिला बाहेरूनच कळलं. एका दुपारी तो आला, डोळे चोळत. जवळचं दिसत नाही म्हणाला. तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि तपासणीची जड चौकट नाकावर चढवली.

"ताई," तो म्हणाला, "दोरी मी ओढायला नको होती."

"नको होती," ती म्हणाली आणि चौकटीत दुसरं भिंग टाकलं. "खालची ओळ वाच."