पहिल्या गोळीपर्यंतचं गाणं

उंब्रजच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, हंबीररावच्या गेम पार्लरमधलं गाणं एकदम मोठं झालं की आत बायकोला मार पडतोय. ठाऊक होतं, पण ऐकू येत नव्हतं. ऐकू आलं नाही म्हटलं की माणूस सुटतो.

हंबीरराव माझा नवरा. तिथं असताना मी त्याचं नाव कधी घेतलं नाही. आता घेते.

पार्लर म्हणजे आमच्याच घराची पुढची खोली. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसनं मोडीत काढलेला कंप्युटर त्यानं आणला होता. त्यात आवाज काढणारं एक जुनं साऊंड कार्ड होतं. कार्डाची वायर वरातीच्या अँप्लिफायरला जोडलेली आणि भिंतीला स्पीकरचे दोन मोठे बॉक्स. शाळेतली पोरं येऊन राक्षस मारायचा खेळ खेळायची. खेळ लावला की आधी नुसतं गाणं वाजायचं, पिपाणी आणि ढोलकं एकत्र केल्यासारखं. कुणी बटण दाबलं नाही तर थोड्या वेळानं खेळ आपला आपणच सुरू व्हायचा. पडद्यावरचा शिपाई बोळातून पळायचा आणि गोळ्या झाडायचा.

हंबीरराव ते गाणं लावायचा, दाराला आतून कडी घालायचा, आवाजाचं बटण पार फिरवायचा आणि मग कमरेचा पट्टा काढायचा. घाई नसायची त्याला. पहिला फटका पाठीत, मग मी वळले की हातांवर. डाव्या हाताची करंगळी तेव्हाच मोडली. ती अजून वाकडीच आहे. माझ्या लेकीला, पिंकीला, ती करंगळी धरून झोपायला आवडतं.

तो बाहेर जाताना कुलूप लावून जायचा. समोर दगडाबाई राहायच्या. एकदा मी खिडकीतून त्यांना हाक मारली. म्हटलं, "मावशी, माझ्या आबांना मिरजेला निरोप धाडा. मला न्यायला या म्हणावं."

त्या लसूण निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरातलं घरात बघावं बाई. आन् तुज्या मालकाला तर गाण्याचा लय शौक हाय. आमाला कुटं काय ऐकू येतंय?"

दिवाळीनंतर हंबीररावनं दुकानदारांची बिलं छापायला एक प्रिंटर आणला आणि त्याचं कार्ड मशीनमध्ये खुपसलं. त्याच संध्याकाळी आमटी खारट झाली. त्यानं गाणं लावलं, कडी घातली. माझे केस मुठीत धरून डोकं चौकटीवर आपटलं. एकदा. दुसऱ्यांदा. तेवढ्यात पडद्यावरच्या शिपायानं पहिली गोळी झाडली आणि मशीन जागच्या जागी गोठलं. गाण्याचा जो सूर चालू होता, तोच अडकून बसला. भोंग्यासारखा. ऊंऽऽऽ. भांडी थरथरायला लागली.

"आवं हंबीरराव!" दगडाबाईंनी दार बडवलं. "त्यो भोंगा बंद करा की! म्हस दावं तोडाय लागलीया!"

त्यानं माझे केस सोडले. बटणं दाबून पाहिली, काही होईना. शेवटी वायर उपटली आणि दाराच्या फटीतून म्हणाला, "मशीन बिगाडलंय मावशी." तोवर मी पिंकीला उचलून मोरीत शिरले होते. कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं, ती ते बोटानं पुसत होती आणि बोट मला दाखवत होती.

सकाळी त्यानं पान्याची पेटी माझ्यापुढं टाकली. "सांगलीत कंप्युटरचा क्लास केलाईस न्हवं? बापानं लग्नात लय मिरवलं हुतं. सांजच्याला चालू झालं पायजे. न्हाईतर दुसरी करंगळी हाय अजून."

मी मशीनचं झाकण काढलं. पिंकी शेजारी बसून स्क्रू डब्यात टाकत होती, काढत होती. गाणं लावलं, ठीक वाजलं. गोळी झाडली, गोठलं. प्रिंटरचं कार्ड काढलं तर सगळं सुरळीत. परत घातलं की परत तेच. म्हणजे भांडण दोघांचं होतं. साऊंड कार्डावर बारीक खिळ्यांची ओळ होती, प्रत्येकापुढं नंबर, आणि सातवर एक काळी टोपी बसवलेली, तांदळाएवढी. क्लासमध्ये तिला जंपर म्हणायचे. प्रिंटरचा नंबरही सातच. दोघं एकाच नंबरानं मशीनला हाक मारायला लागले की मशीन गोंधळतं. गाण्याला त्या हाकेची गरज नसते, म्हणून गाणं चालतं. गोळीच्या आवाजाला असते.

टोपी काढून पाचवर बसवली, खेळालाही पाच नंबर सांगितला. गोळी सुटली. राक्षस ओरडला. पिंकीनं टाळ्या वाजवल्या.

हंबीररावनं खेळून बघितलं. "हां, आता कसं," म्हणाला आणि जेवायला बसला. मला वाटलं, चार दिवस तरी बरे जातील.

दुसऱ्याच दिवशी पिंकी रांगत रांगत पुढच्या खोलीत गेली. कीबोर्डची वायर लोंबत होती, ती तिनं ओढली आणि कीबोर्ड खाली आला. हंबीररावनं तिला एका दंडाला धरून उचललं, उलट्या हातानं तोंडात मारली आणि गाद्यांच्या ढिगावर फेकली. ओठ फाटला. ती आधी रडलीच नाही. मग असा टाहो फोडला की त्याच्याही कपाळाला आठी पडली.

आणि तो गाणं मोठं करायला गेला.

माझ्यासाठी तो बटण फिरवायचा, ते मी मान्य केल्यासारखंच होतं. पण त्या दिवशी तो पोरीचं रडणं झाकायला उठला होता. इतक्याशा पोरीचं, जिला अजून धड आई म्हणता येत नव्हतं. मी तिच्या ओठावर पदर धरून बसले आणि बॉक्सकडं बघत राहिले. पाठीवरच्या वळांपेक्षा ते बॉक्स जास्त दुखत होते.

बाजारादिवशी पार्लर बंद असायचं. गल्लीत दोन्ही अंगांना पोती पसरून माणसं बसायची. दगडाबाई लसूण-मिरच्या मांडायच्या, त्यांचा तालमीत जाणारा मुलगा गुंडा पोती वाहायचा. हंबीरराव सकाळी कुलूप लावून जायचा, दुपारी पिऊन यायचा. त्या दिवशीचा मार कधी चुकायचा नाही.

तो गेल्यावर मी झाकण काढलं. काळी टोपी पाचवरून उचलली, परत प्रिंटरच्या सातवर बसवली. टोपी एकदा निसटून फरशीवर पडली, पिंकीनं ती उचलून तोंडात घातली. तिच्या गालात बोट घालून काढली, पुसली, बसवली. खेळालाही सात नंबर सांगितला. मग गाणं लावून बघितलं नाही. लावलं असतं तर गल्लीनं ऐकलं असतं. पिंकीला पोटभर जेवू घातलं, दोघींचे कपडे पिशवीत भरले आणि पिशवी मोरीच्या कोनाड्यात ठेवली.

तो आला. डोळे तांबडे. पिशवी नेमकी त्याच्याच नजरेला पडली.

"कुटं निगालीस?"

मी पिंकीला जवळ ओढलं. त्यानं कडी घातली. मशीन चालू केलं. गाणं सुरू झालं, बटण पार फिरलं. या खेपेला पट्टा नव्हता, गाद्यांखालची काठी होती. पहिला दणका खांद्यावर बसला आणि हात लुळा पडला. दुसरा गुडघ्यावर. मी खाली पडले, पिंकीवर ओणवी झाले. माझ्या पोटाखाली ती उंदरासारखी थरथरत होती. काठी पाठीत बसत होती, बरगडीत बसत होती, आणि मी फक्त गाणं ऐकत होते. पळ रे बाबा, म्हणत होते त्या शिपायाला. पळ, झाड गोळी.

शिपाई पळाला. गोळी झाडली.

ऊंऽऽऽ.

साऱ्या बाजारावर तो भोंगा उठला. बाहेर कुत्री केकाटली, कुणाचं तरी पोतं लवंडलं. "आरं काय लावलंय!" "बंद कर ए हंबीऱ्या!" माणसं दारापाशी गोळा झाल्याचं मला आवाजावरून कळत होतं. हंबीररावनं बटणं बडवली, मशीनला लाथ घातली आणि शेवटी वायर उपटली.

एकदम शांत झालं. सगळी गल्ली दाराबाहेर कान देऊन उभी होती.

तेव्हा मी ओरडले. इतकी वर्षं गाण्याखाली ओरडले होते, म्हणून आवाज किती मोठा काढायचा ते मला माहीत होतं. "माझ्या पोरीला मारतोय हो!" खालून पिंकीनंही गळा काढला. त्यानं तोंड दाबायला हात टाकला, मी तो दातात धरला. तो बोंबलला. तेही गल्लीनं ऐकलं.

"गुंडा, दार पाड!" हा आवाज दगडाबाईंचा होता.

दोन धक्क्यांत कडी निखळली. गुंडानं त्याला मागून कवळ घालून वर उचलला. हंबीरराव पाय झाडत ओरडत होता, "माजी बायकू हाय! माज्या घरात तुमी कोन?" आणि मग मशीनकडं बघून, "ह्ये कुनी केलं? कुनी बिगाडलं?"

"मी," म्हटलं. सगळ्यांसमोर.

तो हिसडा मारून सुटला आणि काठी घेऊन माझ्यावर आला. गुंडानं ती काठी हिसकावून त्याच्याच मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज झाला. मला वाईट वाटलं नाही.

दगडाबाईंनी पिंकीला उचललं. तिचा फाटलेला ओठ बघितला, माझं कपाळ बघितलं. "आमाला ऐकूच आलं न्हाई गं कवा," त्या म्हणाल्या. माझ्याकडं बघून नव्हे, लसणाच्या पोत्याकडं बघून. त्यांनी पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली आणि मला आधार देत स्टँडपर्यंत आल्या. बाजारातली माणसं बाजूला होऊन वाट देत होती.

सांगलीची एसटी आली; तिथून पुढं मिरज, आबांकडं. बसल्यावर ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, लांबलचक. पिंकीनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि माझ्याकडं बघितलं, आता काय होतंय म्हणून.

काहीच झालं नाही. गाडी निघाली. मग तिनं एक हात काढला आणि माझी वाकडी करंगळी धरली.