साळूबाईचं कार्ड

टेंभुर्णीच्या पलीकडच्या एका उपकेंद्रावर दैवशाला सहा वर्षं कंत्राटी नर्स होती. बीपीचे दीडेकशे पेशंट तिच्याकडे नोंदलेले. चैत्रापासून गोळ्या यायच्या बंद झाल्या. तिनं तीनदा मागणी पाठवली. उलट पर्यवेक्षक सोमेश्वरचाच निरोप आला, की पाहणी व्हायची आहे, कार्डं कोरी ठेवू नका. माणसांना बोलवायचं, दंडाला पट्टा बांधायचा आणि रिकाम्या हातानं परत पाठवायचं, याची तिला लाज वाटायला लागली होती. शेवटी आषाढात तिनं घरी बसूनच कार्डं भरली. सगळ्यांना एकशेतीस-ऐंशी.

साळूबाईलाही तेच. त्याच्या नवव्या दिवशी खुरपता खुरपता साळूबाईचं तोंड वाकडं झालं. जालन्याला नेलं, पण पाच दिवसांत ती गेली.

श्रावणात पाहणीला पलक आली. जालन्याच्या मारवाडी व्यापाऱ्याची मुलगी, नुकतीच शिकून आलेली. बोलणं नरम, नजर बारीक. मेलेल्यांची कार्डं आधीच काढून ठेवा, ती टक्केवारीत धरत नाहीत, असं सोमेश्वरनं बजावलं होतं. दैवशालानं साळूबाईचं कार्ड काढून ठेवलं, आणि पलक निघायला उठली तेव्हा तिच्याच हातात दिलं.

"हा आकडा मी मनानं लिव्हला," ती म्हणाली. "अन् गोळ्या चार महिने आल्याच न्हाईत. ते बी लिहा."

पलकनं दोन्ही लिहून घेतलं.

दिवाळीनंतर सगळ्या जिल्ह्याचा अहवाल आला. शंभरातल्या ब्याऐंशी पेशंटचा बीपी ताब्यात, कार्यक्रम यशस्वी. गोळ्यांचं अवाक्षर नव्हतं. खोट्या नोंदी करणाऱ्या एका नर्सचा मात्र अख्खा परिच्छेद होता. दैवशालाला कामावरून कमी केलं. पलकचा फोन आला. गोळ्यांचं पान वरच्यांनी गाळलं, मी लई भांडले, असं ती रडवेल्या आवाजात सांगत राहिली. दैवशालानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी साळूबाईचा नवरा बद्रीनाथ दारात उभा राहिला. गावभर झालेली गोष्ट त्याच्याही कानावर गेली होती. बसा म्हटलं तरी तो बसला नाही.

"सिस्टर, तिचं बीपी तुम्ही मोजलंच न्हाई?"

गोळ्यांचं सांगावं म्हणून दैवशालानं तोंड उघडलं. पण त्यानं ते विचारलं नव्हतं.

"न्हाई," ती म्हणाली.

"वाढलंय एवढं जरी सांगितलं असतं," बद्रीनाथ म्हणाला, "तर गोळ्या मी इकत आणल्या असत्या."

आणि तो पायऱ्या उतरून गेला.