सूत्राचं टोक

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक गोष्ट मनात आणा. तुम्ही सकाळी उठलात, दात घासलेत, आणि शेजारचे काका धापा टाकत दारात आले. म्हणाले, "अरेरे, तुमचं घर जळालं म्हणे!" तुम्ही घरातच उभे आहात. भिंती जागच्या जागी आहेत, चहा उकळतो आहे. तुम्ही म्हणता, "नाही हो काका, हे काय घर!" त्यावर काका म्हणतात, "असं कसं? सगळीकडे आलंय." असे एकामागून एक दहा जण येऊन गेले, तर अकरावा यायच्या आत तुम्ही स्वतःच मागे वळून भिंतीला हात लावून बघाल की नाही? खरं सांगा.

भिंगरीचं अगदी तसंच झालं होतं.

भिंगरी हे काही तिचं शाळेतलं नाव नव्हे. ही पोरगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिच्या आईनेच ते ठेवलं होतं. आईची बेकरी होती. मागे भट्टी, पुढे दुकान आणि वरच्या दोन खोल्यांत घर. त्यामुळे भिंगरीच्या दप्तरालाही भाजक्या पिठाचा वास यायचा. शाळेत मधल्या सुट्टीत मुलांना पाव आणि दूध मिळे. पाव भिंगरीच्या आईकडचा, दूध मोठ्या डेअरीचं.

एक दिवस मधल्या सुट्टीनंतर भिंगरीच्या वर्गात एकाने पोट धरलं. मग दुसरीने. शाळा सुटेपर्यंत निम्मा वर्ग दवाखान्यात. पोरं लवकरच बरी होऊन घरी आली, हे नशीबच म्हणायचं. पण दुसऱ्या दिवशी दोन अधिकारी आले, पावाचे नमुने पिशवीत घालून घेऊन गेले आणि तपासणीचा अहवाल येईपर्यंत बेकरीला कुलूप लावून गेले. दुधाचेही नमुने घेतले म्हणे. डेअरीला मात्र कुलूप लागलं नाही.

"एवढी मोठी डेअरी," बाबा म्हणाले, "कुलूप लावणार तरी कुठे?"

आई हसली नाही.

तिसऱ्या दिवशी शहरातल्या सगळ्यात मोठ्या पेपरात पहिल्या पानावर बेकरीचा फोटो आला. बाबा मोठ्याने वाचायला लागले आणि मध्येच थांबले. मग भिंगरीनेच पेपर ओढून घेतला. तिथे छापलं होतं: *विश्वसनीय सूत्रांनी दिलेल्या माहितीनुसार, बेकरीच्या मालकिणीच्या घरीच हा पाव खात नाहीत.*

"बाबा, सूत्रं बोलतात?" भिंगरीने विचारलं. तिच्या ओळखीची सूत्रं गणिताच्या पुस्तकात चौकटीत असायची, आणि त्यांनी आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"अगं, ते गणितातलं नव्हे. बातमीतलं सूत्र म्हणजे सांगणारा माणूस. त्याचं नाव छापायचं नसलं की सूत्र म्हणतात."

"मग विश्वसनीय कुणी ठरवलं?"

"ज्यांनी छापलं त्यांनी."

"म्हणजे मीच पेपर लिहायचा आणि मीच तपासून दहापैकी दहा द्यायचे?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

गंमत अशी, की आपल्या घरी पाव खातात हे भिंगरीला माहीत होतं. रोज सकाळी चहाबरोबर खातात. पण शाळेत कुणी तिच्या बाकावर बसेना, वाण्याच्या दुकानात दोन बायका तिच्याकडे बघून गप्प झाल्या, बाबांच्या फोनवर तेच वाक्य सतरा ठिकाणांहून आलं. इतके सगळे लोक चुकतील? मोठी माणसं, छापणारी माणसं? संध्याकाळी आई रिकाम्या परातीजवळ बसली होती. भिंगरी तिच्यापाशी गेली आणि तिच्या तोंडून निसटलं:

"आई, आपण पाव खातो ना गं?"

आईने वर पाहिलं. "तूसुद्धा, भिंगरे?"

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं. भिंगरी जिना उतरली ती तडक रस्त्यावर आली आणि पाय नेतील तिकडे निघाली. पायांनी तिला नेलं कासवबाईंकडे.

कासवबाई आईच्या मैत्रीण, म्हणून भिंगरीच्या मावशी. किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि तिथून त्या एकट्याच चार पानांचं साप्ताहिक काढायच्या. कुणाच्या जाहिराती घ्यायच्या नाहीत, वाचणाऱ्यांच्या वर्गणीवर चालवायचं, आणि नीट शहानिशा झाल्याशिवाय एक ओळ छापायची नाही, असा त्यांचा हट्ट. त्यामुळे बातमी त्यांच्याकडे पोचायची तेव्हा लोक तिला विसरलेले असायचे. "लग्नाची बातमी बारशाला देतात," अशी त्यांची चेष्टा व्हायची. कासव हे नाव लोकांनी ठेवलं, आणि बाईंनी ते हसत घेतलं.

खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर कपड्यांसारखी कागदाची चिटोरी वाळत होती. काही चिटोऱ्यांना लाकडी चिमटे, बाकी सगळ्यांना प्लास्टिकचे.

"मावशी, तुम्ही छापा," भिंगरी दारातूनच म्हणाली. "आमचा पाव चांगला आहे असं छापा. मोठ्या अक्षरात."

"ये, बस. पाणी पी."

"छापाल ना?"

"नाही," कासवबाई म्हणाल्या. "मला माहीत नाही."

भिंगरीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "तुम्ही आईला ओळखता ना?"

"ओळखते. म्हणून तर दुप्पट सांभाळायला हवं. पाव वाईट निघाला तर ते मला छापावं लागेल, आणि तुझी आई माझ्याशी बोलायची नाही. चांगला निघाला तर तेही छापीन. आज मात्र दोन्ही माहीत नाही." त्यांनी दोरीकडे बोट केलं. "हे बघ. मी ज्याला त्याला एकच विचारते: पाहिलंस की ऐकलंस? पाहिलं असेल तर लाकडी चिमटा, ऐकलं असेल तर प्लास्टिकचा. डोळे आणि कान यांत चार बोटांचं अंतर असतं ना, ते मोजत बसते मी."

भिंगरीने पाहिलं. शाळेत पाव-दूध वाटणाऱ्या बाईंच्या चिटोऱ्याला लाकडी चिमटा होता: आजारी मुलांपैकी दोघांनी पाव घेतलाच नव्हता, तीन मुलांनी दूध घेतलं नव्हतं. म्हणजे पाव नव्हे? की दूध नव्हे? की पाणी? वाचावं तितकं डोकं गरगरायला लागलं.

"मोठ्या पेपरात मागच्या पानावर डेअरीची जाहिरात असते," ती हळूच म्हणाली. "म्हणून त्यांनी दुधाबद्दल लिहिलं नाही का?"

"असेल. नसेलही."

"मावशी! तुम्हाला काहीतरी माहीत आहे का?"

"फार थोडं," असं म्हणून कासवबाई मनापासून हसल्या. "पण एक वाक्य असं आहे, ज्याचा माग आत्ता निघेल. 'घरीच पाव खात नाहीत.' हे कुणीतरी कधीतरी पहिल्यांदा म्हटलं असणार. सूत्र म्हणजे सूत. सुताला टोक असतंच. येतेस शोधायला?"

आधी त्यांनी मोठ्या पेपरच्या बातमीदाराला फोन लावला. तो म्हणाला, "बाई, ते फोनवरच्या बातम्यांच्या चॅनेलवर आलं होतं. सगळ्यांनीच घेतलं, आम्ही मागे राहायचं का?"

चॅनेलवाला केशकर्तनालयाच्या वरच्या खोलीत बसायचा. एक टेबल, एक दिवा, आणि मागे मोठ्या शहराचं चित्र लावलेलं. "शंभर टक्के पक्की बातमी," तो म्हणाला. "आता तर पेपरातही आली!"

"पण पेपराने तुझ्याकडून घेतली."

"हो का? मग दोघांकडे आहे म्हणजे पक्कीच की."

भिंगरीला हे एखाद्या कोड्यासारखं वाटलं. हा त्याच्या खांद्यावर उभा, तो ह्याच्या खांद्यावर. मग जमिनीवर कोण आहे?

"तुला सांगितलं कुणी?" कासवबाई बसूनच राहिल्या. त्या बसल्या की उठत नाहीत हे चॅनेलवाल्याला माहीत असावं. शेवटी त्याने डोकं खाजवत सांगितलं: खाली दाढी करायला आलेले शाळेच्या गाडीचे ड्रायव्हरकाका बोलत होते, ते जिन्यातून ऐकू आलं.

ड्रायव्हरकाका गाडीच्या काचा पुसत होते. भिंगरीला बघून त्यांचा चेहरा पडला. "पोरी, माझ्या मनात वाईट नव्हतं गं. पोरंच गाडीत बोलत होती. ती तुझी मैत्रीण नाही का, गोबऱ्या गालांची? तिनेच दवाखान्यातून येताना सांगितलं."

"तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?" भिंगरीनेच विचारलं.

"ऐकलं. गाडी चालवताना मागे कसं बघणार?"

गोबरीच्या दारापर्यंत भिंगरी जवळजवळ पळतच गेली. तिची सख्खी मैत्रीण! दार उघडताच ती ओरडली, "तू का सांगितलंस आमच्या घरी पाव खात नाहीत म्हणून?"

गोबरीचे गाल आणखी फुगले. "मी? तूच तर म्हणालीस!"

"मी कधी?"

"त्याच दिवशी! तुझा पाव माझ्या डब्यात टाकलास आणि म्हणालीस, आईने सांगितलंय, पाव खायचा नाही. मग माझं पोट दुखलं. मी हेच सांगितलं. खोटं आहे का?"

भिंगरीची जीभ आपोआप तोंडात उजवीकडे गेली. तिथे एक दात होता, चार दिवस लोंबकळणारा. त्या सकाळी आईने तिच्या हनुवटीला धरून दात हलवून पाहिला होता आणि म्हणाली होती, "आज पाव खायचा नाही हं, नाहीतर वर्गात रक्त येईल." भिंगरी त्यातलं अर्धं गोबरीला बोलली. उरलेलं अर्धं बोलायच्या आत घंटा झाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं कुणीही म्हटलं असतं. कासवबाईंनी म्हटलं नाही.

परतताना भिंगरी रस्त्यातले खडे पायाने उडवत चालली होती. मग म्हणाली, "म्हणजे विश्वसनीय सूत्र मी?"

"तू."

"पण मी खोटं बोलले नव्हते."

"नाही. खरंच बोललीस."

"गोबरीपण खोटं बोलली नाही. काकापण नाही. मग खोटं कुणी केलं?"

"तेच मीही कधीपासून शोधते आहे," कासवबाई म्हणाल्या. "खरं निघालं तेव्हा अख्खं नव्हतं, आणि उरलेलं अर्धं कुठे आहे हे वाटेत कुणी विचारलं नाही. एवढं मात्र मी छापीन. तुझं नाव घालणार नाही. 'घरातली एक मुलगी' म्हणेन. चालेल?"

भिंगरीने मान हलवली. "आणि पाव चांगला आहे, ते?"

"ते अहवाल आल्यावर."

घरी आल्यावर भिंगरीने आईला सगळं सांगितलं, घंटेसकट. आई ऐकत राहिली. मग तिने भिंगरीची हनुवटी धरली, "आ कर," म्हणाली आणि दात बघितला. तिला राग आला होता की हसू, हे भिंगरीला कळलं नाही. दात अजून तसाच लोंबत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी शाळेच्या गाडीत चढताच सगळे गप्प झाले. ती मधल्या दांड्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या घरी रोज पाव खातात. त्या दिवशी माझा दात हलत होता, म्हणून आई नको म्हणाली. हा बघा." तिने तोंड उघडून दाखवलं. पोरं वाकून वाकून बघायला लागली.

"म्हणजे पाव चांगला होता?" मागून कुणीतरी विचारलं.

हो म्हणायला किती सोपं होतं! जिभेच्या टोकावर आलंच होतं.

"मी त्या दिवशी खाल्लाच नाही," भिंगरी म्हणाली. "मला माहीत नाही."

ती बसली. गोबरी सरकत सरकत तिच्या शेजारी आली आणि कानाशी लागली. "अगं, ऐक ना, पाव नव्हताच! दूधच नासलेलं होतं म्हणे, आणि डेअरीवाल्यांना ते माहीत होतं! चल, सगळ्यांना सांगू या. तुझ्या आईची बेकरी उद्याच उघडेल!"

हे खरं असावं असं भिंगरीला इतकं वाटलं, इतकं वाटलं, की तिने दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला. जिभेने एकदा दात हलवून पाहिला. मग गोबरीकडे वळली आणि विचारलं,

"तू पाहिलंस की ऐकलंस?"