मागचं वजन

मुक्ताई ट्रॅक्टरवरून पडली तेव्हा मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून फोनवर एका कुंडीवाल्याशी भांडत होते. धप्प आवाज आला म्हणून वळले, तर आमचा छोटा ट्रॅक्टर उतारावर नाक खुपसून उभा, मागची दोन्ही चाकं हातभर वर आणि मुक्ताई मातीत बसून स्वतःचं मनगट धरलेली. मग ती चाकं धाडकन खाली आली. तिच्या पावलापासून वीतभर अंतरावर आली. कुंडीवाला फोनवर हॅलो हॅलो करत राहिला आणि मी धावत सुटले.

वाघोलीला आमची नर्सरी आहे. जमीन रस्त्याच्या बाजूला उंच आणि मागे खोलगट. लाल मातीचे ट्रक फाटकाशी माती ओतून जातात, ती खाली वाफ्यांपर्यंत न्यायची म्हणून मी दिवाळीत ट्रॅक्टरला पुढे बकेट बसवून घेतली. बकेट भरली की सगळा भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागची चाकं हलकी होतात, उतारावर तर उचललीच जातात. आमचा ड्रायव्हर संतोष याने त्यावर मला न विचारता उपाय शोधला होता. मागे औजार जोडायच्या दोन दांड्यांमध्ये आडवी पट्टी असते, तिच्यावर तो बायकोला उभी करायचा. मुक्ताई त्याची बायको; ट्रॅक्टरवरची मदतनीस म्हणून तो तिची हजेरी लावायचा आणि मी काय काम ते न विचारता मजुरी द्यायचे. दोघं वाशीमकडची, नर्सरीतल्याच खोलीत राहतात. मी विश्रांतवाडीहून नऊला पोचायच्या आत हे उद्योग उरकलेले असायचे. त्या दिवशी मी लवकर आले म्हणून दिसलं.

डॉक्टरांकडून मनगट बांधून आणल्यावर मी संतोषला समोर उभं केलं. तो जराही ओशाळला नव्हता. गावाकडे सगळे असंच करतात म्हणाला, मागून उचललं की माणूस बसवायचा, अजून उचललं की अजून एक बसवायचा. आणि मग मला समजावल्यासारखं म्हणाला, "उद्यापासून दोन जण उभे करतो ताई मांगं. एक कमी पडते."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी ट्रॅक्टरची किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि सांगितलं, की या ट्रॅक्टरच्या मागे यापुढे माणूस चढणार नाही. लोखंडाची पेटी करून मागे लावू, त्यात वजन भरू, आणि ती लागेपर्यंत माती घमेल्यांनी वाहू. फाटकाशी तीन ट्रक माती पडली होती. संतोषने त्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि घमेलं उचललं, हे त्याच्या अकलेला शोभलं.

घरी आमच्या ह्यांना सगळं सांगितलं. हे बँकेतून निवृत्त झाल्यापासून कुठल्याही अडचणीवर चहा पिता पिता तोडगा देतात. "पेटी कशाला, तूच उभी राहा की मागे," म्हणाले, "प्रश्न कायमचा मिटेल." मी रात्रीची भाजी मुद्दाम दुधीची केली.

दुसऱ्या दिवशी मैनुद्दीनभाईंना गाठलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. आमच्या बाल्कनीचं ग्रिल त्यांनीच केलं, अर्ध्या विश्रांतवाडीची फाटकंही त्यांचीच. ट्रॅक्टरची पेटी त्यांनी जन्मात केली नव्हती, पण नाही म्हणायचा त्यांचा स्वभाव नाही. माप घ्यायला ते स्वतः वाघोलीला आले. मुक्ताईने बऱ्या हाताने टेपचं दुसरं टोक धरलं. बाई कशी उभी राहायची ते त्यांनी विचारलं, तिने नुसतं बोटाने पट्टी दाखवली. मैनुद्दीनभाईंनी त्या पट्टीवर स्वतःचा पाय ठेवून पाहिला, काढला, आणि माप घ्यायला बसले.

जाड पत्र्याची पेटी, कोपऱ्यांना अँगल, खाली दोन्ही दांड्यांसाठी दोन पिना आणि वर तिसऱ्या दांडीसाठी उंच कान, म्हणजे भोक पाडलेली पट्टी. मी रोज संध्याकाळी दुकानात जाऊन उभी राहायचे आणि रोज काहीतरी वाढवायचे. तळाला पाणी निघायला भोक हवं. मागे ट्रॉली ओढायला खाली हूक हवा आणि हुकाला चांगली जाड पट्टी. वरचा कप्पा रिकामा ठेवून त्याला सपाट झाकण हवं, म्हणजे साखळी आणि पाने आत राहतील. मैनुद्दीनभाई एकदा म्हणाले, "ताई, एक पलंगही लावू का?" पण सगळं करून दिलं. रंगही मागितला तो दिला, ट्रॅक्टरचाच निळा.

इकडे आम्ही माती वाहत होतो. संतोष, मी, खुरपणीच्या बाया, सगळे. मुक्ताईला मी हात लावू देत नव्हते, तरी ती एका हाताने रिकामी घमेली गोळा करून परत वर नेऊन ठेवायची. माझी कंबर सांगत होती, की बाई, वय बघ. मी कंबरेचं ऐकलं नाही.

पेटी आली, जोडली, पिना फटकन बसल्या. भरायला मी एका प्रेसच्या वर्कशॉपमधून लोखंडाच्या चकत्या आणवल्या होत्या; पत्र्याला भोकं पाडल्यावर गोल तुकडे उरतात त्या. किती भरायच्या? मैनुद्दीनभाईंचा सगळा जन्म फाटकं करण्यात गेलेला. फाटक जितकं जड तितकं चांगलं, हा त्यांचा हिशेब. "वजनात कंजुषी नको ताई," ते म्हणाले, आणि मलाही ते पटलं, कारण मला एकदाची खात्री हवी होती. वरचा कप्पासुद्धा सोडला नाही, काठोकाठ भरली.

संतोषने पेटी उचलायला लिव्हर ओढला. ट्रॅक्टर कण्हला, मागच्या दांड्या थरथरल्या आणि पेटी जमिनीवरून बोटभरसुद्धा हलली नाही. मैनुद्दीनभाई पेटीकडे बघत दाढी खाजवत राहिले. संतोष सीटवरून शांतपणे म्हणाला, "बायको हलकी होती ताई."

  मी घमेलं घेतलं आणि चकत्या उपसायला लागले, मग मैनुद्दीनभाईही लागले. थोड्या काढायच्या, लिव्हर ओढायचा, पुन्हा थोड्या काढायच्या. निम्म्याच्या आसपास आल्यावर पेटी सहज उचलली. मग बकेट भरून उतारावर नेली, आणि मी संतोषला मध्येच ब्रेक मारायला सांगितला. मागची चाकं जमिनीला चिकटून राहिली. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदाही बघितलं. चकत्या हलू नयेत म्हणून वरून काँक्रीट ओतलं, ते सुकल्यावर झाकण लावलं आणि किल्ली संतोषच्या हातात दिली. मला फार आनंद झाला होता. घरी येऊन ह्यांना बासुंदी केली आणि दुधीचा विषय काढला नाही.

आठवड्याभराने मुद्दाम सकाळी सातला नर्सरीत गेले. माझा स्वभाव संशयी आहे, त्याचा मला कधी तोटा झालेला नाही. फाटकातून आत शिरले तर ट्रॅक्टर उतारावरून खाली येत होता, मागे माझी निळी पेटी होती आणि त्या सपाट झाकणावर, पाय लोंबते सोडून, मुक्ताई बसली होती.

मी ट्रॅक्टर थांबवला. संतोषने मी विचारायच्या आतच सांगून टाकलं, की पेटी आहेच, वर मुक्ताई, म्हणजे आणखी पक्कं. आणि झाकण बसायला चांगलं आहे म्हणाला. ते खरंच चांगलं होतं, मीच करून घेतलं होतं. मी त्याला वर पिटाळलं आणि मुक्ताईला टाकीपाशी नेलं. तिला म्हटलं, तो सांगतो आणि तू बसतेस? हात मोडता मोडता वाचला, विसरलीस? मला खरंच राग आला होता, आणि तिच्यावर जास्त आला होता.

तिने ओढणीने तिथल्या घागरीचा काठ पुसला. मग म्हणाली, "मी बसली नाही तं मले कायचे पैसे देसान तुमी? यायनं सांगतलं, मांगचं काम नाही उरलं तं गावी जाय सासूपाशी. मले नाही जायचं."

तेव्हा मला कळलं. नर्सरीत खुरपणीला बाया होत्या, पिशव्या भरायला होत्या. मुक्ताईचं म्हणून एकच काम होतं, ट्रॅक्टरच्या मागे उभं राहायचं, आणि ते मी लोखंडाला देऊन मोकळी झाले होते. तिला वाचवलं म्हणून आठवडाभर मी स्वतःवर खूश होते, आणि ती आठवडाभर गावी जायच्या भीतीत होती. गावी सासू, एक खोली, आणि शेतावरची मजुरी मिळाली तर मिळाली. इथे ती संध्याकाळी नगर रोडवरच्या दुकानांत फिरून यायची, रात्री मोबाइलवर इंग्रजी आकडे शिकायची, हे मला माहीत होतं. मला इतकं वाईट वाटलं की राग कुठे गेला ते समजलं नाही.

मी तिला विचारलं, ट्रॅक्टर चालवशील का. तिने मान वर केली. "शिकवलं तं चालवन," म्हणाली, आणि लगेच, जणू मी शब्द फिरवेन म्हणून, "आजपासून शिकवा."

संतोषला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मग मी काय करू, असं विचारलं त्याने. मी म्हटलं, "काम नाही उरलं तर गावी जावं, असं तुझंच म्हणणं आहे ना?" त्याला घाम फुटू दिला थोडा. मग सांगितलं, की सोसायट्यांत रोपं पोचवायचा टेंपो आहे, त्यावर माझा बाहेरचा ड्रायव्हर कधी येतो कधी नाही, तो तू घे. लायसन्स तुझ्याकडे आहे. आवारातला ट्रॅक्टर मुक्ताई चालवेल. तो कुरकुरला, बाईमाणसाला जमायचं नाही म्हणाला. मी पण बाईमाणूसच आहे आणि तुझा पगार मी देते, एवढं त्याच्या लक्षात आणून दिलं.

पेटी पुन्हा मैनुद्दीनभाईंकडे नेली. झाकण आता सपाट नको होतं. त्यावर त्यांनी लोखंडी पाइपांचे तुकडे उभे वेल्ड केले, दोन ओळींत, दाटीने. त्यांत फावडी, कुदळी, दाताळं उभी खोचायची. रोजची औजारंही सोबत राहतात आणि कुणाला टेकायलाही जागा उरत नाही. पाइपांची वरची तोंडं घासून गुळगुळीत करू का, विचारलं त्यांनी. मी म्हटलं, कडा मोडा, पण आरामशीर करू नका.

मुक्ताई शिकली ती काही गोडीगुलाबीने नाही. पहिल्या दिवशी तिने क्लच असा सोडला की ट्रॅक्टर बेडकासारखा उडी मारून बंद पडला. दुसऱ्या दिवशी मोगऱ्याच्या कुंड्यांची अख्खी ओळ आडवी केली. संतोष शिकवायचा म्हणजे ओरडायचा, म्हणून मी टाकीपाशी खुर्ची टाकून बसू लागले. मी बसले की त्याचा आवाज उतरायचा. मुक्ताई कुंड्यांची माती भरायची, चेहरा पुसायची आणि परत सीटवर चढायची. आज पुरे, असं मी म्हटलं तर "अजून एक फेरी," म्हणायची. बकेट खाली ठेवून चालवायची, उतारावर पहिल्या गिअरात यायचं, ब्रेकवर उभं राहायचं नाही. महिनाभर रिकाम्या बकेटने, मग अर्ध्या बकेटने.

मग एका सोसायटीची मोठी ऑर्डर आली आणि सकाळीच दोन ट्रक माती फाटकाशी पडली. संतोष टेंपो घेऊन निघणारच होता, पण रेंगाळला. मुक्ताईने बकेट ढिगात घातली, भरली, जमिनीलगत आणली आणि उताराकडे वळली. भरलेली बकेट घेऊन ती पहिल्यांदाच उतरत होती.   संतोष टेंपोतून उतरला, चार ढांगांत ट्रॅक्टरपाशी पोचला आणि मागच्या हुकाच्या पट्टीवर पाय ठेवून, फावड्याचा दांडा धरून चढला.

मुक्ताईने उताराच्या मध्यावर हळूच ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबला, चारही चाकं जमिनीवर. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"उतरा," ती म्हणाली. "मांगं माणूस नाही लागत आता."

संतोष उतरला. तिने ब्रेक सोडला, आणि तो ट्रॅक्टरच्या मागोमाग चालत खाली वाफ्यांपर्यंत गेला.