थोरलीची फिल्म आणि मी, कॉलरचा माईक

नखाएवढा माईक बोलतोय. हो, कॉलरला चिमट्यानं लटकतो तोच. हसू नका. माणसाच्या तोंडाजवळ आणि काळजाजवळ एकाच वेळी बसायचा मान माझा आहे. तो लग्नाच्या नवऱ्यालाही रोज मिळत नाही.

जन्म माझा कारखान्यातला. एका बाईनं भिंगातून बघत माझ्या केसाएवढ्या तारा जोडल्या, आणि जोडता जोडता ती सासूला मनसोक्त शिव्या देत होती. कानावर पडलेलं माणसाचं पहिलं बोलणं ते. त्यामुळे माणसांबद्दल माझा मुळापासूनच काही गोड गैरसमज नाही.

पहिला मालक भाषणं ठोकणारा. मौनाचं महत्त्व सांगायला उभा राहिला की लोक जांभया देऊन थकायचे, पण हा थांबायचा नाही. पुढं त्यानं नवा माईक घेतला आणि मला विकलं आवाजवालीला. आवाजवाली म्हणजे शूटिंगच्या वेळी आवाज टिपणारी बाई. पिकलेले केस, डोक्यावर मोठे हेडफोन, मनगटावर चिकटपट्टीचे तुकडे. बोलणं कमी. दिवसभर लोकांचं ऐकावं लागलं की आपली हौस आपोआप फिटते.

तिच्याबरोबर मी एका घरी गेलो. ऑटिझम असलेल्या एका मुलीवर माहितीपट करायचा होता. 'मुलगी' हा दिग्दर्शकाचा शब्द हो! मुलगी बत्तीस वर्षांची होती आणि पडदे शिवायच्या कारखान्यात नोकरी करत होती. धाकटी बहीण लग्न होऊन गेलेली, ही थोरली. घरात सगळे तसंच म्हणायचे. मावशी तेवढी "चिऊ, ए चिऊ" करायची, आणि थोरली दर वेळी न चुकता सांगायची, "मी चिऊ नाही."

ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात म्हणे. मी आजवर इतक्या गळ्यांशी बसलो, स्वतःत मग्न नसलेला माणूस मला अजून भेटायचाय.

तर या थोरलीनं दोन गल्ल्या पलीकडे एक खोली बघितली होती. भाड्याची, पण एकटीची. खोलीवाल्या बाई जरा कचरत होत्या. "तुझ्यावर फिल्म निघतेय ना? ती आधी बघते, मग किल्ली देते," असं त्यांनी सांगून टाकलं. झालं! थोरलीची खोली फिल्मला टांगली गेली, आणि फिल्म दिग्दर्शकाच्या हातात.

दिग्दर्शकानं मला आईला लावलं, मावशीला लावलं, डॉक्टरांना लावलं, कारखान्याच्या मालकाला लावलं. थोरलीला एकदाही नाही. "तिच्याकडून काय मिळणार?" हे तो तिच्यासमोरच म्हणाला. डोळ्याला डोळा न भिडवणाऱ्याला कानही नसतात, अशी लोकांची पक्की समजूत दिसते.

थोरलीचं काम एकच. खिडकीत बसायचं.

"बाहेर बघ हं. लांब, कुठंतरी."

"लांब काही नाही. समोरच्यांची पाण्याची टाकी आहे."

"मग टाकीकडे बघ. पण जरा उदास."

"टाकी बघून मी उदास होत नाही. उजेड डोळ्यात घुसतोय. पडदा ओढू?"

"नको नको, उजेड पाहिजे!"

पडदे शिवून पोट भरणाऱ्या बाईला पडदा ओढायची बंदी! खुशीत असली की थोरली बोटं झुलवते आणि गुणगुणते. शिलाईच्या मशीनवर बसलेली असताना मी ते कारखान्याच्या मालकाच्या कॉलरवरून ऐकलंय. खिडकीत बसवल्यावर ते बंद पडलं. दिग्दर्शक कुजबुजला, "बघा, काय एकाकीपण आहे!" एकाकीपण कसलं डोंबलाचं, बाईला भूक लागली होती.

आता माझी कामगिरी सांगतो. त्या दिवशी मी आईच्या गळ्याशी होतो. चहाची सुट्टी झाली. दिग्दर्शक, आई आणि मावशी स्वयंपाकघरात गेले, आणि मला काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझा बारीक दिवा लागलेला होता, म्हणजे मी चालूच होतो. पण माणूस चहाचा कप दिसला की दुसरं काही बघत नाही.

बाहेर, हे मला मागून कळलं, आवाजवाली वायरी गुंडाळत होती. शेजारी कुणी भिंतीला भोकं पाडत होतं आणि थोरली कानांवर तळवे दाबून बसली होती. आवाजवालीनं आपले हेडफोन पुढे केले. "घालतेस? कान झाकतील." थोरलीनं घातले. भोकांचा आवाज बुजला आणि माझ्यातून स्वयंपाकघर ऐकू यायला लागलं.

"काकू, कालचं छान झालं," दिग्दर्शक म्हणत होता, "पण रडू काही आलं नाही."

"अहो, रडायचं ते ती लहान असताना रडून झालं. आता ती कमावते, मी कशाला रडू?"

"कांदा चिरायला घे," मावशी म्हणाली. "तेवढ्यात विचारून घेतील."

"एवढंच म्हणा काकू, की हिला एकटीला काही जमणार नाही, माझ्यामागं हिचं कसं होणार."

 आईचं काळीज माझ्या कानाशी धडधडत होतं. मग हळूच म्हणाली, "म्हणते. ती फिल्म बघून खोलीवाल्या बाईच नको म्हणाल्या, तर सुंठीवाचून खोकला जाईल. मला ती जायलाच नको आहे."

 बाहेर पावलं वाजली. थोरली दारात उभी, हेडफोन गळ्यात.

"मला सगळं ऐकू आलं."

"अगं बाई, ही ऐकत होती!" मावशीनं कप खाली ठेवला.

"आई, तुला मी जायला नको असेल तर मला सांग. त्यांना कशाला सांगतेस?"

आईची नजर जमिनीवर. त्या घरात डोळ्याला डोळा न भिडवणारं माणूस आता दुसरंच होतं. "भीती वाटते गं मला," ती म्हणाली.

"वाटू दे. मलापण वाटते. पण मला जमत नाही असं खोटं सांगू नकोस." मग ती दिग्दर्शकाकडे वळली. "तो माईक मला द्या."

"अगं, तू खिडकीत बस ना, किती छान दिसतेस."

"मग खिडकीचीच फिल्म करा. मी नाही तुमच्या फिल्ममध्ये."

दिग्दर्शक आईकडे बघायला लागला. दारातून आवाजवाली म्हणाली, "तिकडं काय बघताय? बत्तीस वर्षांची बाई तुमच्याशी बोलतेय." त्यानं आवाजवालीला खूण केली. थोरली नाही तर फिल्म नाही, एवढं गणित त्यालाही येत होतं.

आवाजवालीनं विचारलं, "मी लावू, की तू लावतेस?" थोरलीला मानेशी काही टोचलेलं सोसत नाही. तिनं मला पिशवीच्या पट्ट्यावर लावलं. मला चाललं. मग खिडकीतलं चित्रण बघत बघत तिनं सांगायचं ते माझ्यात सांगितलं.

फिल्मचा खेळ एका छोट्या सभागृहात झाला. खोलीवाल्या बाई पुढच्या रांगेत होत्या. खिडकी आली, उदास सूर आला, लोकांनी रुमाल काढले. आणि वरून थोरलीचा आवाज आला, "हे मला इथं पुन्हा पुन्हा बसवतात. समोर टाकी आहे. मला भूक लागली आहे, म्हणून तोंड असं झालंय. मी खुशीत कशी दिसते ते पुढं कारखान्यात बघा. मी खोली घेणार आहे. काही गोष्टी जमतील, काही जमणार नाहीत. न जमलेल्या मी विचारीन."

सभागृह खदखदून हसलं. तिला नव्हे, हातातल्या रुमालांना. दिग्दर्शकही हसला, उशिरा का होईना.

बाहेर पडल्यावर खोलीवाल्या बाई आईला म्हणाल्या, "जमेल हो हिला?" आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? तिला विचारा."

त्यांनी विचारलं. थोरलीनं हात पुढे केला आणि किल्ली मिळेपर्यंत मागे घेतला नाही.

आता माझा चिमटा सैल झालाय आणि आवाजात खरखर येते. लवकरच भंगारात जाईन, त्याचं दुःख नाही. जाता जाता एवढंच विनवतो, बाबांनो आणि बायांनो: कुणाच्या आयुष्यावर बोलायला बसलात, तर ते माणूस खोलीत आहे का बघा, असलं तर आधी त्याला बोलू द्या. आणि त्याच्या पाठीमागं बोलायचंच असेल, तर निदान स्वतःची कॉलर चाचपून घ्या.