कापलेले धुराडे

मित्रांनो, मी जुनी आहे, लोखंडाची आहे, आणि आज सकाळपासून मला भीती वाटते आहे. शेगडीला कसली भीती, असे तुम्ही म्हणाल. पण माझ्या पाठीवर जिथे धुराडे होते, तिथे कालपासून एक उघडे तोंड आहे. त्याच्या कडा नव्या नाण्यासारख्या चमकतात. आणि समोरच्या खोलीत एक तान्हे मूल झोपले आहे. या दोन गोष्टी एकाच घरात आल्या की काय होते, ते मी एकदा पाहिले आहे. म्हणून वेळ आहे तोवर सांगते.

मी जबलपूरच्या कांचघरच्या बाजारात, मोतीराम नावाच्या पत्रा-कारागिराच्या दुकानात घडले. बरगीला धरणाचे काम नुकतेच सुरू झाले होते, त्या वर्षांतली ही गोष्ट. मला दोन भिंती आहेत, एकीच्या आत दुसरी. खाली जाळी, तिच्याखाली राखेचा कप्पा, आणि आतल्या भिंतीला वरच्या बाजूने भोकांची एक रांग. खालून शिरलेली हवा इंधन पेटवते. दोन भिंतींमधून वर चढलेली हवा तापते, त्या भोकांतून आत येते आणि उरलेला धूर जाळून टाकते. राहिलेले जे काही असेल ते पाठीवरच्या धुराड्यातून छपरावर जाते. लाकूड, भुसा, लाकडी कोळसा, मला काहीही चालते.

मला निवडले ते चंद्रशेखरने. तो तेव्हा बी. एस्सी. होऊन धरणाच्या कामावर, माती तपासायच्या प्रयोगशाळेत लागला होता. त्याचे वडील गुलाबराव कारखान्यात फिटर. त्यांची वसाहत छातीच्या एका दवाखान्याच्या भिंतीला लागून होती. भिंतीपलीकडे खोकणारी माणसे झोपलेली, म्हणून वसाहतीच्या पंचांनी ठरवले होते की इकडच्या एकाही घरातून धूर उठायचा नाही. पंचांत रामराव नावाचे एक गृहस्थ होते. ते रोज मान वर करून छपरे पाहत फिरत. पोरे त्यांना मागून ‘नाकवाले काका’ म्हणत.

चंद्रशेखर आईला, लीलाबाईंना, घेऊन दुकानात आला. त्याने तीन शेगड्या बाहेर मांडायला लावल्या, प्रत्येकीत आळीपाळीने तेच लाकूड, तोच भुसा, तोच कोळसा पेटवला, आणि धुराड्याच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला. पहिलीने रुमाल काळा केला. दुसरीने पिवळट. मोतीराम बिडी विझवून हे सगळे बघत होता.

“भैया,” तो म्हणाला, “शेगडी घेऊन राहिले का बायको पाहून राहिले?”

लीलाबाई पदर तोंडाला लावून हसल्या. चंद्रशेखर हसला नाही. त्याने नवा रुमाल काढून माझ्यावर धरला. सुक्या लाकडाने त्यावर जेमतेम एक छटा आली. कोळशाने काहीच नाही. रुमाल जसा होता तसाच राहिला, आणि माझी निवड झाली.

त्या रुमालाने एक गोष्ट बरोबर सांगितली, पण दुसरी सांगितली नाही. रुमालावर फक्त काजळी बसते. जे दिसत नाही, त्याचा डागही पडत नाही.

घरी परतताना चंद्रशेखरने आईला दोन नियम सांगितले. ओले लाकूड घालायचे नाही, आणि धुराडे कधी काढायचे नाही. पहिल्याचे कारण त्याने सांगितले: ओल्या लाकडाची उष्णता पाणी उडवण्यात जाते, आग थंड राहते आणि धूर होतो. दुसऱ्याचे कारण सांगायच्या आत घर आले, आणि शेजारणी मला पाहायला जमल्या.

ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. माझ्यावर एका वेळी भात आणि वरण शिजे, आणि भिंतीपलीकडे कुणाला खोकला येत नसे. रामराव पहिल्या दिवशी आमच्या छपराकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. मग गुलाबरावांना जयभीम घालून म्हणाले, की तुमच्याकडे आज चूल पेटली नाही काय. गुलाबरावांनी त्यांना आत आणून माझ्यावर उकळत असलेला चहा पाजला. त्या महिन्यात वसाहतीतल्या आणखी चार घरांनी मोतीरामकडे माझ्यासारख्या शेगड्या सांगितल्या. लीलाबाई मला रोज राखेने घासत. मला वाटे, आपल्यासारखी निरुपद्रवी वस्तू दुसरी नसेल.

मग ज्योती बाळंतपणाला माहेरी आली. चंद्रशेखरची धाकटी बहीण ती. डिसेंबरात तिला मुलगी झाली. त्या वर्षी नर्मदेवरून असा वारा सुटला होता की अंगणातले पाणी सकाळी बोटांना चावे.

बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवण्याची रीत तुम्हाला ठाऊक असेल. कमरेला शेक लागतो, बाळ ऊबेत राहते. लीलाबाईंनी आधी घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे ठेवले. ते धुमसत, डोळ्यांना पाणी येई, म्हणून त्या खिडकी उघडी ठेवत. खिडकीतून धूर बाहेर गेला आणि दुसऱ्याच दिवशी रामराव दारात आले. ते रागावले नाहीत. हात जोडून म्हणाले, की लीलाबाई, वॉर्डातला माणूस रात्रभर खोकत बसून असतो.

लीलाबाईंना ते लागले. त्या स्वतःच शोधून काढलेल्या उपायावर खूष झाल्या. घरात धूर न करणारी शेगडी असताना घमेले कशाला? फक्त बाज बुटकी होती, आणि मी धुराड्यासकट तिच्याखाली मावत नव्हते. त्यांनी धुराडे ओढून काढले, अंगणातल्या भिंतीला टेकून ठेवले, माझ्यात लाकडी कोळसा भरला, वर राखेचा थर दिला म्हणजे निखारे हळू जळतील, आणि मला बाजेखाली सरकवले. स्वयंपाकाला तेवढे दिवस रॉकेलचा स्टोव्ह काढला. धूर नव्हताच. मग वारा कशाला आत घ्यायचा? त्यांनी खिडकी लावली आणि फटींत जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या.

मित्रांनो, कोळसा मोकळ्या हवेत नीट पेटला की त्याच्यावर एक निळी ज्योत नाचते. ती ज्योत म्हणजे कोळशातून निघणारा एक विषारी वायू, जळून निरुपद्रवी होताना. राखेखाली, कोंडलेल्या हवेत, ती ज्योत विझते. वायू मात्र निघतच राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. श्वासावाटे तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. घमेल्याचा धूर निदान डोळ्यांत जाऊन ओरडत होता की खिडकी उघडा. माझ्याजवळ तसे ओरडायला काही नव्हते. जे ओरडू शकले असते ते जाळून टाकण्यासाठीच तर मला निवडले होते.

पहिल्या संध्याकाळी ज्योती म्हणाली, डोके जड झाले आहे. लीलाबाई म्हणाल्या, थंडी शिरली. त्यांनी कोळसा वाढवला. दुसऱ्या दिवशी तिला मळमळले. त्यांनी दाराच्या खालच्या फटीतही गोणपाट लावले. सकाळी न्हाणीघरात आंघोळीला गेली की ज्योतीला जरा बरे वाटे, आणि सगळे म्हणत, बघा, गरम पाण्याचा गुण. पुन्हा खोलीत आली की डोके धरून पडे. जितके दुखे तितके दार घट्ट लागे, आणि जितके दार घट्ट लागे तितके दुखे. मी बाजेखालून हे सगळे पाहत होते. माझ्याकडे राख होती आणि निखारे होते. जीभ नव्हती.

बाळही रडेनासे झाले. पाहायला आलेल्या बाया कौतुकाने म्हणत, किती शांत लेकरू आहे.

तो रविवार होता. लीलाबाईंनी दोघींना न्हाऊ घातले, माझ्यात ताजा कोळसा घातला, दार ओढून घेतले आणि अंगणात बाळाची दुपटी धूत बसल्या. गुलाबराव विहाराच्या सभेला गेले होते. ज्योती कुशीवर वळली. तिने बाळाला जवळ ओढले आणि तिचा हात तसाच पडून राहिला. बोटे बाजेच्या सुंभाबाहेर, माझ्या अगदी वर लोंबत होती. बराच वेळ ती हलली नाहीत.

तेवढ्यात अंगणात रामरावांचा आवाज आला. फाटकात त्यांना आठवडाभर बरगीला राहून आलेला चंद्रशेखर भेटला होता.

“चंदू, तुमचं धुराडं चार दिवसांपासून थंड काहून आहे? घरात बाळंतीण, अन् चूल नाही पेटत, असं कसं? मागं उघड्यावर तर नाही जाळून राहिले?”

“काही उघड्यावर नाही जाळत आम्ही,” लीलाबाई म्हणाल्या. “येऊन पाहा, भाऊ. अन् नाही तर राहू द्या, बाळंतिणीच्या खोलीत तुम्ही कसे येणार?”

मग चंद्रशेखरचा आवाज आला, हळू.

“आई, धुराडं भिंतीला काहून टेकलं आहे?”

“बाजेखाली जात नव्हती ना शेगडी. आता पाहा कशी मस्त बसली. धूर नाही, काही नाही.”

मला फक्त पावले ऐकू आली. गोणपाट ओढत दार उघडले आणि वारा आत घुसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या निखाऱ्यांवर निळी ज्योत उठली. चंद्रशेखरने मला उघड्या हातांनी धरून बाहेर ओढले. त्याच्या तळव्यांची कातडी माझ्या अंगाला चिकटून राहिली. रामराव, जे कधी त्या खोलीच्या उंबऱ्यापाशीही येणार नव्हते, ते आत शिरून खिडकीतल्या चिंध्या उपसत होते. लीलाबाई पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या.

“अरे, पण धूर तर नव्हता. धूर नव्हता रे चंदू.”

ज्योतीला आणि बाळाला भिंतीतल्या फाटकातून पलीकडे नेले. ज्या दवाखान्यासाठी धूर बंद केला होता, त्याच दवाखान्याच्या वॉर्डात, खोकणाऱ्या माणसांच्या रांगेत, त्यांना प्राणवायू लावला. मी अंगणात विझत पडले होते. भिंतीपलीकडून काही ऐकू येईना. निखाऱ्यांवर राख चढली, मग राखही थंड झाली. अंगणातले ऊन भिंतीवर चढून गेले, तेव्हा कुठे बाळ रडल्याचा आवाज आला. बारीक, चिडलेला. लीलाबाई पायरीवर बसून होत्या. तो आवाज ऐकून त्यांनी डोके गुडघ्यांत घातले.

हात बरे झाल्यावर चंद्रशेखरने मला एका वेल्डरकडे नेले आणि माझे धुराडे पाठीला कायमचे जोडून घेतले. आता मला कुठल्याही बाजेखाली सरकवता येणार नव्हते. लोकांना मात्र सांगितले गेले, की ज्योतीला थंडी बाधली होती. चंद्रशेखरला आईला शरमेने झुकलेले पाहवत नव्हते. रामरावही कुठे बोलले नाहीत. सगळ्यांनी चांगुलपणाने तोंड मिटले. बाळाचे नाव विहारात शरयू ठेवले, आणि ती गोष्ट तिच्या कानावर कधीच पडली नाही.

वर्षे गेली. घरोघरी गॅस आला. मोतीरामने घडवलेल्या माझ्या बहिणी भंगारात गेल्या. मला शरयूने आठवण म्हणून विजय नगरच्या घरी आणले. तिथे मी छतावर राहिले. हिवाळ्यात कधी गक्कड-भर्त्यासाठी, म्हणजे निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे आणि वांग्याचे भरीत करायला, मला पेटवत, एरवी माझ्यात पालापाचोळा साठे. लीलाबाई गेल्या, ज्योती गेली, चंद्रशेखरही गेला. कारण ठाऊक असलेले कुणी उरले नाही. उरला तो फक्त वेल्डिंगचा जोड.

यंदा पुन्हा तशीच थंडी आहे. हवा खराब म्हणून शेकोट्यांवर बंदी आहे. शरयूचा मुलगा विनय याला मुलगी झाली, आणि परवा कॉलनीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. हीटर बंद पडले. विनयला मी आठवले. त्याने मोबाईलवर बराच शोध घेतला, धूर कमी करणाऱ्या शेगड्यांचे फोटो पाहिले आणि म्हणाला, की मम्मी, आपल्याकडे तर अशीच आहे. त्याने दुकानातून कोळशाचे पाकीट आणले. त्याच्यावर ठळक अक्षरांत ‘धूररहित’ लिहिले आहे. मग धुराडे दारातून आत जाईना, म्हणून त्याने ग्राइंडर लावून ते कापले.

शरयू बाजूला उभी होती. ती म्हणाली, “चंदूमामांनी एवढं पक्कं जोडून काहून ठेवलं होतं, देव जाणे.”

“पुराने लोग, मम्मी,” विनय म्हणाला. “प्रत्येक गोष्ट पक्की करायचे.”

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला पुसून ठेवा, असे मी म्हणणार नाही. माझ्यावर गंज चढला तरी कुणाचे बिघडत नाही. पण एखादी वस्तू कुणी विचित्र रीतीने बांधून ठेवली असेल, तर ती सोडण्याआधी विचारा, का? आणि तुम्ही बांधून ठेवली असेल, तर कारणही सांगून ठेवा, ते सांगायला कितीही लाज वाटो. शेगडी निवडताना रुमाल जरूर धरा. पण रुमाल पांढरा राहिला म्हणून खिडकी लावू नका.

आता मला उचलले आहे. उंबरा ओलांडला. खोली छान आहे. काचेची नवी खिडकी आहे, अजून उघडी आहे; लावली की तिला एकही फट राहत नाही. मला पाळण्याच्या पायथ्याशी ठेवले आहे. पाळण्यात शरयूची नात बारीक आवाजात, चिडून रडते आहे. रड, बाळ. रडत राहा.

निखाऱ्यांवर अजून निळी ज्योत आहे. विनय खिडकीकडे निघाला आहे.