गुडघ्याचं निमित्त

चाळिशी उलटली तरी घरात त्याला बाळ्याच म्हणत. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, भिंतभर आरसे लावलेलं. गिऱ्हाईक फ्रेम चढवून स्वतःला न्याहाळायचं आणि त्याच्या खांद्याआडून बाळ्याला स्वतःचं कपाळ दिसायचं, मागे सरकत सरकत टाळूला भिडलेलं. बायको सोडून गेली त्याची कारणं वेगळी होती, पण दुकान बंद करताना त्या आरशांत पाहिलं की त्याला तेवढं एकच कारण सुचायचं.

रोज सकाळी तो भाऊजींबरोबर मैदानावर धावायला जायचा. भाऊजी छापखान्यात कामाला होते. त्यांचं ब्लड प्रेशर चढं असायचं, पण धावणं सोडायला ते तयार नव्हते. म्हणून ताईनेच ही जोडी लावून दिली होती. "त्यांना एकटं सोडू नकोस रे," ती म्हणायची. "तू सोबत असलास की मला घोर नसतो."

भाऊजींना चेष्टेची हौस. अंधुक उजेडात बाळ्या दिसला की म्हणायचे, "या, आता मैदानावर दिव्याची गरज नाही." बाळ्या हसायचा. हसता हसता आतून चरकायचा.

म्हणूनच केस लावून घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याने कुणाला कळू दिलं नाही. भाऊजींना फोनवर सांगितलं, "गुडघा धरलाय. डॉक्टरांनी धावणं बंद ठेवायला सांगितलंय."

"मग थांबतो मी तुझ्यासाठी."

"नको, भाऊजी. तुम्ही का थांबताय? जा तुम्ही."

खरं कारण सांगितलं असतं तर भाऊजी वर्षभर त्यावर जगले असते, असं त्याला वाटलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. डोक्याच्या मागच्या बाजूची कातडीची पट्टी काढून तिथे टाके घातले होते आणि पुढे एकेक मूळ रोवलं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "ओणवं व्हायचं नाही, जड उचलायचं नाही, घाम येईल असं काही करायचं नाही. मुळं धरू द्या. आधी घरातल्या घरात चाला, मग रस्त्यावर सावकाश. धावायचं ते मी सांगेन तेव्हा. टाके ताणले तर मागचा व्रण रुंदावेल, तो मग झाकत नाही." बाळ्या उशांचा डोंगर रचून टेकून झोपायचा. सुजलेलं कपाळ घेऊन दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायचा, हंडा डोक्यावर असल्यासारखी मान ताठ धरून.

अशाच एका सकाळी ताईचा फोन आला. भाऊजी मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पडले होते, जिथे कुणी फिरकत नाही. झाडलोट करणाऱ्या बाईला दिसले तेव्हा ऊन वर आलं होतं. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडं झालं होतं.

बाळ्या सैलशी टोपी घालून दवाखान्यात पोचला. वॉर्डाबाहेर डॉक्टर ताईला सांगत होते, "वेळेवर आणलं असतं तर बरंच वाचवता आलं असतं. सोबत कुणी नव्हतं का?"

ताईने बाळ्याकडे पाहिलं. त्याच्या गुडघ्याकडे, मग टोपीखालून डोकावणाऱ्या खपल्यांकडे. तो काही जिने लंगडत चढला नव्हता.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त "बरं" म्हणाली आणि औषधं आणायला निघून गेली.

त्यानंतर तो दुकान अर्ध्यावर टाकून रोज यायचा. ताईला जेवायला पाठवायचा, भाऊजींची दाढी करायचा. भाऊजींना बोलायला शब्द सापडत नव्हते. एकदा त्यांनी डावा हात उचलून बाळ्याच्या टोपीकडे बोट दाखवलं आणि वाकड्या तोंडाने हसले. ते हसणं बाळ्याला बघवलं नाही.

एके दुपारी परिचारिकेने भाऊजींना खुर्चीत बसवलं आणि ती दुसऱ्या रुग्णाकडे गेली. भाऊजी उजवीकडे कलंडायला लागले. बाळ्या हाताच्या अंतरावर होता. दोन्ही हातांनी धरून उचलायचं, एवढंच करायचं होतं. त्याचा हात पुढे गेला, पण तिथेच अडला आणि डोक्यामागच्या टाक्यांकडे वळला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. मग त्याने झेप घेतली, पण तोवर भाऊजी फरशीवर होते आणि कपाळ पलंगाच्या दांडीवर आपटलं होतं.

डबा घेऊन आलेली ताई दारात उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं.

त्याने वाकून भाऊजींना उचललं. टाके ताणले, मानेवरून कोमट ओघळ आला. आता रक्त वाहिलं काय नि न वाहिलं काय. ताईने भाऊजींना दुसऱ्या बाजूने धरलं आणि म्हणाली, "जा, तुझं डोकं दाखवून ये आधी." आवाजात राग नव्हता. त्याला वाटलं, आपल्यासाठी ठेवलेलं सगळंच तिच्याजवळ संपलं असावं.

मागचा व्रण बोटभर रुंदावला. पुढचे केस मात्र धरले. आधी गळून गेले, मग काही महिन्यांनी दाट आले. आरशात गिऱ्हाइकाच्या मागे आता एक बरा दिसणारा माणूस उभा असायचा. डॉक्टर म्हणाले, "आता काय हवा तो व्यायाम करा. मोकळे आहात तुम्ही."

तो एकदाच धावायला गेला. पलीकडच्या टोकापाशी पाय आपोआप थांबले, तिथूनच परतला.

आता तो संध्याकाळी ताईकडे जातो. भाऊजी काठी टेकत फाटकापर्यंत येतात, पाय ओढत, मध्ये दम खात. बाळ्या त्यांच्या चालीने चालतो. फाटकाच्या उंचवट्याशी भाऊजी अडखळतात, तो हात पुढे करतो. त्याच्या आधी ताईचा हात तिथे पोचलेला असतो.

"राहू दे," ती म्हणते. "मी धरते."